९८.५७ टक्क्यांचा छेद

अपूर्णांकात आपली नजर वर, अंशाकडे जाते. छेद खाली गप्प बसलेला असतो. १९३६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत साउथ कॅरोलायना राज्यात डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १,१३,७९१ मते पडली, रिपब्लिकन आल्फ लँडन यांना १,६४६. म्हणजे ९८.५७ टक्के! रूझवेल्ट लोकप्रिय होतेच, त्या वर्षी ४८पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. पण देशभरात त्यांची मते होती साधारण ६१ टक्के.

आता छेद बघा. राज्याची लोकसंख्या १७ लाखांच्या वर, मते सव्वा लाखही नाहीत. मुलेबाळे वजा केली तरी हिशेब जुळत नाही.

मतदार गाळणारी ही गाळणी जुनी होती. १८८२मध्ये ‘आठ पेट्यांचा कायदा’ आला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की बाद. गुलामगिरीतून सुटून जेमतेम सतरा वर्षे झालेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने पेटीवरचे नाव वाचायचे कसे? कोणी क्रम पाठ करून आलाच, तर पेट्यांच्या जागा बदलता येत. पुढे १८९५च्या राज्यघटनेने मतदान कर लावला, शिवाय घटनेचे कलम वाचून-लिहून दाखवा किंवा ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा, अशी अट घातली. वाचन ‘जमले’ की नाही, हे गोरा अधिकारी ठरवणार. १९३०च्या जनगणनेत राज्यातले सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते.

गोरेही नोव्हेंबरातल्या मुख्य मतदानाला फारसे फिरकत नसत. खरी झुंज उन्हाळ्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात, आणि तिथे प्रवेश गोऱ्यांनाच. लग्न तिथे लागायचे. नोव्हेंबरात नुसती वरात. त्यात मतदान गुप्तही नव्हते. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापत, आणि टेबलावरून तुम्ही कोणती उचलली हे बघणाऱ्याला कळे. लँडनची चिठ्ठी उचलणारे ते १,६४६ जण मला रूझवेल्टच्या लाखभरांपेक्षा जास्त कुतूहलाचे वाटतात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) राज्याच्या वाट्याचे निर्वाचक (अध्यक्ष प्रत्यक्षात निवडणारे प्रतिनिधी) लोकसंख्येवर ठरत, पडलेल्या मतांवर नव्हे. साउथ कॅरोलायनाला ८ निर्वाचक, म्हणजे एकामागे साडेचौदा हजारांच्या आत मते. न्यूयॉर्कमध्ये एकामागे सुमारे १ लाख १९ हजार. गाळलेला माणूस मत देत नव्हता, पण त्याचे वजन गाळणाऱ्याच्या पारड्यात पडत होते.

१९४७मध्ये न्यायाधीश वेटीज वेरिंग यांनी गोऱ्यांची प्रायमरी बेकायदा ठरवली, १९५०मध्ये गुप्त मतदान आले. १९५२ला राज्यात सुमारे ३ लाख ४१ हजार मते पडली. डेमोक्रॅट उमेदवार जिंकला, ५१ टक्क्यांच्याही आत.