हँग होतो, पण केव्हा?

कॉम्प्युटर हँग झाला की हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. त्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा छोटा दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याचं तो कॉम्प्युटरला कळवतो, विंडोज किंवा लिनक्स ते ऐकते आणि दिवा लावण्याचा हुकूम उलट पाठवते. म्हणजे स्क्रीन थिजलेली असूनही दिवा लागत-विझत असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम शुद्धीवर आहे. अडकलंय ते एखादं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स किंवा हार्ड डिस्क. दिवा हलतच नसेल तर मामला खोलवरचा.

दुसरी खूण कानाला कळते. गाणं चालू असताना मशीन थिजलं की कधीकधी ‘टर्रर्रर्र’ असा एकच तुकडा वाजत राहतो. आवाजाचं सर्किट प्रोसेसरला न विचारता मेमरीतल्या एका छोट्या कप्प्यातून आवाज उचलत असतं आणि तो कप्पा सतत नव्या आवाजाने भरत राहणं हे प्रोसेसरचं काम. प्रोसेसर थांबला की भरणं थांबतं, उचलणं मात्र चालूच राहतं. बिचारं सर्किट तोच क्षणभराचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं.

या दोन खुणा काय अडकलंय ते सांगतात. का अडकलं ते शोधायचं तर विचारायचं, केव्हा? ‘सारखो हँग होता’ एवढ्यावर दुरुस्तीवाला काय सांगणार? चालू केल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हँग होतो आणि एकदा रुळला की दिवसभर नीट चालतो, हे एक दुखणं. पहिला अर्धा तास झकास आणि मग हँग, हे दुसरं. फोटोंचं एक ठरावीक फोल्डर उघडलं की, हे तिसरं. विहिरीवरचा पंप सुरू झाला की, हे चौथं. सगळीकडचे सल्ले बहुधा दुसऱ्यापासून सुरू होतात: गरम होतोय, पंखा साफ करा. कोकणात, त्यातही किनाऱ्याजवळ, मला पहिलं दुखणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण हवेत आहे.

लाट फुटते तेव्हा पाण्यात लाखो बुडबुडे होतात आणि फुटताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतात. वारा ते आत आणतो. बरेचसे थेंब किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतात, म्हणून समुद्राला लागून असलेल्या वाडीतली खिडकीची गजं आणि चार-पाच किलोमीटर आतल्या गावातली गजं सारख्या वेगाने गंजत नाहीत. कॉम्प्युटरचा पंखा या हवेचं मोठं गिऱ्हाईक. १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा तासाभरात लहान खोलीभर हवा कॅबिनेटमधून सहज फिरवतो. त्यातलं मीठ आणि धूळ मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, बसत जातं.

कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढायला लागतं. शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं आणि पाकिटातलं रिफाइंड मीठ त्यामानाने कोरडं राहतं, ते याच मॅग्नेशियममुळे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता दिवसचे दिवस ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे बंद पडून राहिलेल्या मदरबोर्डवर चार महिने समुद्राच्या पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो आणि हा थर वीज वाहून नेतो.

चालू कॉम्प्युटर मात्र स्वतःला वाळवतो. हवा तापली की तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण तिची वाफ धरून ठेवायची ताकद वाढते. बाहेर २७ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा कॅबिनेटमध्ये ४० अंशांपर्यंत तापली, तर तिथली सापेक्ष आर्द्रता जेमतेम ४३ टक्के उरते. साधं मीठ सुकून पुन्हा स्फटिक होतं. मॅग्नेशियमवाला थोडा ओलावा राहतो, पण गळणारी वीज कितीतरी कमी होते. ‘सुरुवातीला हँग, नंतर ठीक’ या विचित्र वाटणाऱ्या लक्षणाचा बराचसा उलगडा इथे होतो. मे महिन्यात झाकून ठेवलेला आणि गणपतीला चाकरमानी आल्यावरच उघडलेला कॉम्प्युटर नेमका का रुसतो, त्याचाही.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. कॉम्प्युटर ‘शट डाउन’ केला पण भिंतीवरचा स्विच चालूच राहिला, तर मदरबोर्डवर ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालूच असतो. पॉवरचं बटण दाबलेलं मशीनला कळावं म्हणून तो लागतो. म्हणजे बोर्ड गार, वर खारट ओल आणि त्यात व्होल्टेज. धातू खायला याहून चांगली परिस्थिती नाही. सोल्डरच्या दोन टाक्यांमधल्या ओलीतून धातूचे आयन एकीकडून दुसरीकडे सरकतात आणि तांब्याचे, कथलाचे केसाहून बारीक फाटे वाढत जातात. शेवटी ते समोरच्या टाक्याला टेकतात. त्यामुळे पावसाळ्यात दोनच गोष्टी योग्य: रोज तासभर तरी चालवा, नाहीतर भिंतीवरचा स्विच बंद करा. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या जाळीच्या कॅबिनेटमध्ये ठेवून उपयोग नाही, थोड्याच काळात त्या पाणी पिऊन तृप्त होतात. रेक्झिनच्या कव्हरपेक्षा जुन्या सुती पातळाची घडी बरी. मीठ आणि धूळ अडते आणि आतली ओल बाहेर जायला वाट राहते.

आता रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी. डेस्कटॉपच्या डीडीआर४ रॅमच्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो, एका मायक्रॉनहूनही पातळ. सोनं गंजत नाही, पण इतक्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून खारट ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते. तिथे तयार झालेला गंज छिद्रातून वर येऊन सोन्यावर पसरतो. शिवाय मशीन रोज तापतं आणि निवतं, त्यात पट्टी आणि स्लॉट एकमेकांवर काही मायक्रॉन सरकतात आणि संपर्क आणखी झिजतो. २४०० च्या वेगाच्या रॅममध्ये एका बिटला मिळणारा वेळ अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी. तेवढ्या वेळात संपर्क किंचित डळमळला तरी शून्याचा एक होतो. चूक ध्यानात आली तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबते. चूक अशा जागी झाली की तपासणारा कोडच भलतीकडे भरकटला, तर निळी स्क्रीनसुद्धा येत नाही. मशीन जिथल्या तिथे थिजतं.

‘रॅम काढून रबर मार’ हा सल्ला म्हणूनच चालतो, पण श्रेय जरा जास्तच रबराला मिळतं. पट्टी काढताना आणि परत बसवताना स्लॉटमधले स्प्रिंगसारखे संपर्क तिच्यावरून घासत जातात. त्यांची रचनाच तशी असते. अर्धं काम तिथेच होतं. रबर वापरायचाच तर पांढरा, मऊ; शाई खोडायचा करकरीत रबर सोनंच खरवडून काढतो. त्याहून चांगलं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड. सोनेरी कडेला बोट लावू नका, घामातही मीठच असतं. आणि हे सगळं वायर भिंतीतून काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला आधी हात लावून. एवढं करून हँग थांबला आणि महिन्याभराने पुन्हा सुरू झाला तर रॅम खराब नाही, संपर्क खराब आहे, नवी पट्टी विकत घेऊ नका. खात्री करायची तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा. विंडोजमध्ये स्वतःची मेमरी डायग्नोस्टिकही असते, पण ती त्यामानाने वरवरची.

विंडोजचा दोष की यंत्राचा, हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि तो पडदा तासभर तसाच ठेवा. तिथे विंडोज नाही, व्हायरस नाही, ब्राउजर नाही. तरीही हँग झाला तर फॉरमॅट मारून काहीही साधणार नाही. ‘फॉरमॅट मारू या’ म्हणणाऱ्याला आधी ही चाचणी करायला सांगावी.

ठरावीक फाइल उघडली की अडकतो, माउस हलतो पण क्लिक केल्यावर काहीच होत नाही, हार्ड डिस्कचा दिवा मात्र सलग पेटलेला. हे डिस्कचं दुखणं. चकतीवरचा एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि विंडोज तिच्या उत्तरासाठी ताटकळते. सर्वसाधारणपणे एका मागणीसाठी ६० सेकंदांपर्यंत. तेवढा वेळ तुम्हाला सगळंच थिजलेलं दिसतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती वाचता येते. ‘०५’ आणि ‘सी५’ या ओळींमधले आकडे वाढत असतील तर चकती खराब होतेय. दुसरं काहीही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, चेकडिस्क ही विंडोजची डिस्कदुरुस्ती नंतर. ‘सी७’ ही ओळ मात्र डिस्कबद्दल नसतेच. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती येता-जाता बिघडली की हा आकडा वाढतो, म्हणजे बहुतेक वेळा दोष त्यांना जोडणाऱ्या साटा केबलचा किंवा तिच्या टोकाचा. खाऱ्या हवेत हे टोक गंजणं अगदी स्वाभाविक आहे. हजारोंची डिस्क बदलण्याआधी शे-दोनशेची केबल बदलून बघा. हा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला की समजायचं, दोष केबलचाच होता.

पंप सुरू झाला, फ्रीजने गचका दिला, ट्यूब क्षणभर मिणमिणली आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर अडकला, तर पुरवठ्याकडे बघा. नुसतं कमी व्होल्टेज आताच्या बऱ्याच एसएमपीएसना, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यांना, चालून जातं, घात होतो अचानक पडणाऱ्या खड्ड्याने. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज गेली तरी चांगला एसएमपीएस साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे एक आवर्तनही पूर्ण नाही. हा साठा कपॅसिटरमध्ये असतो, आणि कपॅसिटरच्या आतलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं. तापमान १० अंशांनी कमी ठेवलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत ते लवकर संपणार. मदरबोर्डवरच्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर निदान झालंच. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आत ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहतो. आत पाल चिकटून मेलेली दिसली तरीसुद्धा उघडू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर धातूच्या कॅबिनेटला मुख्य पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात आणि ते अर्थिंगच्या तारेतून निघून जाणं अपेक्षित असतं. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण तोच यूएसबीतून, प्रिंटरच्या केबलमधून वाट काढतो आणि मशीनला अधूनमधून झटका बसतो. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मिळणं कठीणच, सच्छिद्र दगड पाणी धरत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला विसरतात. हेच मीठ बोर्डवर नको असतं आणि खड्ड्यात हवं असतं, दोन्हीकडे कारण एकच: ओल धरून वीज वाहू देणं.

उष्णतेबद्दल थोडक्यात. आजचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतात. त्यामुळे नुसत्या प्रोसेसरच्या गरमीने हँग होणं ऐकतो त्यापेक्षा दुर्मीळ. संथ होणं किंवा धाडकन बंद पडणं ही तिची लक्षणं. ४ जीबी रॅम आणि ब्राउजरच्या वीस टॅब हा तर हँग नव्हेच, टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा बघा. आणि विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून घाबरू नका. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. बटण दाबून तुम्हीच बंद केलं होतंत.

रॅम पुसली, केबल बदलली, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला आणि तरीही बायोसमध्येच हँग होत असेल तर टॉर्च घेऊन मदरबोर्ड तिरका धरा. टाक्यांभोवती हिरवट-पांढरी पूड, काळवंडलेल्या रेषा दिसल्या तर गंज आत शिरलाय. अल्कोहोलने धुऊन काही महिने मिळतात, कधी जास्तही, पण त्या बोर्डवर भरवसा ठेवून त्याच्यावर पैसे घालू नयेत. डिस्क किंवा एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घाला, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि आतलं सगळं उतरवून घ्या. बोर्ड गेला म्हणून डेटा जात नाही. फक्त बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली लागते, आणि ती शोधायची वेळ बोर्ड अजून अधूनमधून चालतोय तेव्हाची.