दिनांक व वेळ यांचे स्वरूपण (प्रोग्रॅमिंग)

संगणकात अंकरूपाने साठवलेला क्षण वाचनीय मजकुरात उतरवणे म्हणजे स्वरूपण. मजकुरातून पुन्हा क्षण काढणे ही त्याची उलट क्रिया. व्यवहारात दोहोंना ‘फॉरमॅट’ आणि ‘पार्स’ करणे असेच म्हणतात. अनेक प्रणाली क्षण १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत किंवा मिलिसेकंदांत मोजतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात एकाच दिनांकाची मराठी, कन्नड व इंग्रजी रूपे शेजारी शेजारी येतात, म्हणून इथल्या उदाहरणांत या विषयाच्या खाचाखोचा चटकन दिसतात.

स्वरूपणाच्या संकेतचिन्हांची दोन मुख्य घराणी आहेत. टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर ही पद्धत सी भाषेच्या १९८९ च्या मानकातील ‘स्ट्रफटाइम’ या फंक्शनमुळे सर्वत्र पसरली, पायथन व रुबी या भाषांनी तीच घेतली. तिचे श्रेय बहुधा मानकालाच दिले जाते. तथापि युनिक्सच्या ‘डेट’ या आज्ञेत अशीच अक्षरे १९८० च्या दशकाच्या आरंभी आढळतात, तेव्हा मानकाने रूढ प्रघात पक्का केला असे मानणे अधिक सयुक्तिक. दुसऱ्या घराण्यात तेच अक्षर पुन्हा पुन्हा लिहितात. हे रूप जावा १.१ (१९९७) मधून रूढ झाले; त्यातील आंतरराष्ट्रीयीकरणाचा (निरनिराळ्या भाषा व देशांना जुळवून घेण्याचा) भाग टॅलिजंट या कंपनीकडून आला होता. येथे मोठा एम महिन्याचा आणि लहान एम मिनिटाचा. लहान वाय म्हणजे वर्ष, तर मोठा वाय म्हणजे आठवड्यांवर मोजलेले वर्ष. मोठा वाय वापरल्यास ३१ डिसेंबर २०२४ या दिवसाचे वर्ष २०२५ छापले जाते. ही चूक अकरा महिने लपून राहते आणि वर्षअखेरीस वर येते. गो भाषेने दोन्ही पद्धती सोडून २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटे ५ सेकंद हा नमुना-क्षणच साचा म्हणून घेतला.

क्रम आणि वर्षाचे अंक यांबाबत सीमाभागाला तोंडपाठ असलेली तारीख पुरेशी बोलकी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तो दिवस मराठी भाषक काळा दिन म्हणून पाळतात, तर कर्नाटकात राज्योत्सव असतो. ‘०१/११/५६’ असे लिहिल्यास अमेरिकी क्रमाने ती ११ जानेवारी होते. शतकाचा घोळ त्याहून मोठा. पायथनमध्ये दोन अंकी वर्ष ६९ ते ९९ असेल तर विसावे शतक, ०० ते ६८ असेल तर एकविसावे. म्हणजे ५६ चे २०५६. जावाचा जुना वर्ग (क्लास) चालू क्षणाच्या ८० वर्षे मागे व २० वर्षे पुढे अशी खिडकी धरतो, त्यामुळे आज तो १९५६ देतो. जावा ८ (२०१४) मधील नवा वर्ग मात्र मूळ वर्ष २००० धरून २०५६ देतो. साठवणीसाठी वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम (पहिली आवृत्ती १९८८) पाळावा आणि भाषा फक्त छापताना आणावी, हेच बरे.

युनिकोडच्या स्थानिक माहितीसंचात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत (वेगळे न सांगता लागू होणारे) आहेत, कन्नडसाठी आंतरराष्ट्रीय अंक. परिणामी एकाच वेबपानावर मराठी तारीख ‘१/११/२०१४’ अशी देवनागरीत उमटते आणि कन्नड तारखेत कन्नड अंक दिसत नाहीत. उलट वाचताना ‘१२’ हा मजकूर पायथन व जावा बारा म्हणून ओळखतात, जावास्क्रिप्टचे नेहमीचे रूपांतर ओळखत नाही. भाषासंकेतात, म्हणजे भाषा व प्रदेश सांगणाऱ्या छोट्या खुणेत, प्रदेश म्हणून देश येतो. बेळगावची मराठी आणि पुण्याची मराठी संगणकाला एकच.

पंचांगाच्या बाबतीत नावे फसवी ठरतात. लग्नपत्रिकेत ‘मिती वैशाख शुद्ध ३, शके १९४६, शुक्रवार दि. १० मे २०२४’ असे छापतात. ही अमान्त (अमावास्येला महिना संपवणारी) चांद्र तिथी. प्रोग्रॅमिंग भाषांतील ‘भारतीय’ दिनदर्शिका म्हणजे २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. ती त्याच दिवसाला २० वैशाख १९४६ म्हणते. महिना व शक जुळल्याने गफलत लक्षात येत नाही. मराठी पंचांगाची तिथी या सोयीतून मिळत नाही, ती वेगळी गणित करून काढावी लागते.

संगणकात भारताच्या कालक्षेत्राचे (टाइमझोनचे) नाव ‘एशिया/कोलकाता’, जुने ‘एशिया/कलकत्ता’. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखांशाची. बेळगाव सुमारे ७४°३०′ वर असल्याने तेथील स्थानिक मध्यम वेळ जवळपास ३२ मिनिटे मागे पडते. कालक्षेत्रांच्या प्रचलित संचात १८७० ते १९०५ या काळासाठी मद्रास वेळ, म्हणजे जागतिक वेळेपुढे ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, धरलेली आहे. युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती: ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ आणि सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. ज्या कुंडली सॉफ्टवेअरने +५.३० हा फरक कायमचा लिहून ठेवला आहे, त्यात १९४३ साली बेळगावात जन्मलेल्याची घड्याळी वेळ तासाने चुकते आणि लग्नरास बदलू शकते.