लेडव्हिलचे दोन जुने नकाशे: एक डोंगराचा, एक हद्दीचा

कोलोरॅडोतल्या लेडव्हिलसारख्या, खाणी आणि गुरांच्या रँच असलेल्या डोंगराळ भागाचा जुना नकाशा शोधायला गेलं की दोन वेगळेच कागद हाती येतात. एक यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा टोपोग्राफिक नकाशा, दुसरा जनरल लँड ऑफिसचा, म्हणजे सरकारी जमिनींच्या जुन्या खात्याचा टाउनशिप प्लॅट. ओढे, वाटा, घरं दोन्हींवर, म्हणून गल्लत होते. आपल्याकडचं सांगायचं तर पहिला टोपोशीट, दुसरा गटाचा नकाशा.

प्लॅट काढला तो सरकारी जमीन वाटण्यासाठी. मोजणीदार 66 फुटी साखळी ओढत सरळ रेषेत जायचे. 80 साखळ्यांचा मैल, मैलाच्या चौकोनाचा सेक्शन, 36 सेक्शनांची टाउनशिप. ओढा रेषेला कुठे छेदतो हे वहीत नेमकं टिपलेलं असे. मधल्या मैलभरात तो कसा वळतो, हे मात्र बरंचसं अंदाजाने जोडलेलं. डोंगर म्हणजे नुसते फराटे. त्यावर विसंबून खिंड शोधायला निघू नये.

टोपोचं उलट. प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा नकाशा काढायचा फलक, घेऊन उंचावर बसलेल्या माणसाने जमिनीचा चढउतार पाहून समोच्च रेषा काढलेल्या. पण जुन्या पत्रकांचं प्रमाण बऱ्याचदा 1:1,25,000. 1872च्या कायद्याने खनिजाच्या शिरेवरचा खाणपट्टा जास्तीत जास्त 1500 फूट लांब, 600 फूट रुंद. या प्रमाणात तो पावणेचार मिलिमीटरही भरत नाही! त्यामुळे टोपोवर खाण दिसलीच तर एका चिन्हापुरती. 1:31,680च्या प्लॅटवर मात्र तेच पट्टे, शिरेच्या दिशेने तिरपे, एकमेकांवर चढलेले आयत म्हणून उमटतात. कोर्टकचेऱ्या का झाल्या ते बघताक्षणी कळतं.

खरा घोळ नंतरच्या 1:24,000 टोपोंनी केला. त्यांवर सेक्शनच्या रेषा आणि आकडे लाल रंगात छापलेले, कुंपणंही तुटक लाल रेषेत. लोक त्यालाच रँचची हद्द समजतात. कुंपण गुरं अडवायला सोयीचं पडेल तिथे घालतात. 1916च्या कायद्याने गुरं पाळणाऱ्याला त्या काळी मिळू शकणारी कमाल 640 एकर, म्हणजे अख्खा सेक्शन, मोजायची ती कोपऱ्यांच्या खुणांवरून. पहिल्या मालकाचं नाव टाउनशिप आणि सेक्शनच्या आकड्यांवरून हक्कपत्रांच्या दप्तरात शोधायचं.

टोपो घेताना कोपऱ्यातली सालं नीट वाचा. छपाईचं साल आणि पाहणीचं साल यांत कधी कधी दशकांचं अंतर असतं, आणि रस्ते-घरं पाहणीच्या सालातली असतात.