हिंसापीडित स्त्रियांसाठी स्थानिक आधारव्यवस्था

घरात किंवा नात्यात मारहाण, लैंगिक बळजबरी आणि छळ सोसणाऱ्या स्त्रीला ती राहते त्याच वस्तीत मिळणारी मदत. शेजारीण, मैत्रीण, मुलांच्या शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, महिला मंडळ, समुपदेशक, वकील, पोलीस आणि आश्रयगृह हे तिचे दुवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात दर ३ स्त्रियांपैकी साधारण एकीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. बहुतेकदा ती जोडीदाराकडूनच होते.

छळाला वळ उठलेच पाहिजेत असे नाही. पगार काढून घेणे, फोन तपासणे, माहेरच्यांशी बोलू न देणे, ‘मुलं तुला दिसणार नाहीत’ अशी धमकी देणे, हाही छळच. अमेरिकेतील डलूथ शहरात छळ सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून १९८४ मध्ये छळाचे प्रकार दाखवणारी एक चक्राकृती आकृती तयार झाली. तिच्या केंद्रस्थानी राग किंवा दारू नाही, सत्ता आणि ताबा आहे.

स्त्री पहिल्यांदा बोलते ती सहसा ओळखीच्या बाईपाशी, तेही अर्धवट. तेव्हा ‘इतकी वर्षं का सोसलंस?’ असे कुणी विचारले की तिचे बोलणे तिथेच थांबते. ‘तुझं काही चुकलेलं नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे’ एवढे ऐकायला मिळाले, तर ती पुन्हा येते. बोलणे एकांतात व्हावे आणि दुभाषी लागलाच तर तो घरातला नसावा. घर सोडल्यावर बऱ्याच जणी परततात. पैसा, मुले, भीती आणि कधी मायाही त्यांना मागे ओढते. तिसऱ्यांदा परतल्यावर ‘आता तुझं तू बघ’ म्हणणारे दमलेले असतात, हे समजण्यासारखे आहे. पण तिला एकटी पाडणे हेच तर छळणाऱ्याला हवे असते. म्हणून दार उघडे ठेवणे आणि निर्णय तिच्यावर सोडणे हा या कामाचा गाभा आहे.

घर सोडण्याचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. पूर्वी एकदा जरी गळा दाबला गेला असेल, तर जिवाचा धोका कैक पटींनी वाढतो. त्यामुळे आधी सुरक्षेची आखणी करतात. ओळखपत्रांच्या आणि मुलांच्या दाखल्यांच्या प्रती, रोजची औषधे, थोडी रोकड, जादा किल्ली आणि लेकराचे आवडते खेळणे अशी एक पिशवी भरून शेजारणीकडे ठेवली जाते. फोनवर एखादा साधा शब्द उच्चारला की मदत बोलवायची, हे दोघींत ठरलेले असते. भांडण पेटले तर स्वयंपाकघर टाळायचे, कारण तिथे सुरी आणि विस्तव हाताशी असतात.

आधुनिक आश्रयगृहांच्या चळवळीला १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी सुरू केलेल्या निवाऱ्याने मोठी चालना दिली. अनेक आश्रयगृहांचा पत्ता गुप्त असतो.

ज्येष्ठांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची रीत मात्र घातक ठरू शकते. ज्याच्या धाकात ती जगते, त्याच्यासमोर ती खरे बोलू शकत नाही आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते.

आख्ख्या वस्तीला कामाला लावणारे प्रयोगही झाले आहेत. युगांडातील कंपाला शहरात ‘सासा!’ उपक्रमात सामान्य रहिवासीच कार्यकर्ते झाले आणि ओट्यांवर, बैठकींत नात्यातल्या सत्तेबद्दल आणि ताब्याबद्दल बोलू लागले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या वस्त्यांमध्ये जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा तुलनेच्या वस्त्यांपेक्षा ५२ टक्के कमी आढळली.

स्त्री बाहेर पडल्यावरही मदत लागतेच: स्वतःच्या नावाचे बँक खाते, काम, मुलांची नवी शाळा. न्यायालयाच्या तारखेला समुपदेशक किंवा मैत्रीण सोबत जाते आणि बाकावर तिच्या आणि छळणाऱ्याच्या मध्ये बसते.