बांध, चर, शेततळ्यासाठी अर्ज: बेळगाव-खानापूरच्या शेतकऱ्यांसाठी माहिती

पावसाचा जोर वाढला की बेळगावच्या पश्चिम भागातले ओढे तांबडेलाल होतात. बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप पट्ट्यातल्या माळावर रताळ्याचे वरंबे पुष्कळ ठिकाणी उताराच्याच दिशेने ओढलेले असतात, आणि दोन वरंब्यांमधल्या सरीतून खतासकट वरची माती मार्कंडेय नदीत जाते. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या खोऱ्यातही उताराच्या रानांची हीच कथा. ही माती आणि पाणी अडवायला सरकारी अनुदान आहे, पण अर्ज बहुतेक वेळा कागदांपाशीच अडतात. म्हणून आधी कागद.

एफआयडी नंबर

कर्नाटकात कृषी खात्याच्या अनुदानासाठी ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणी प्रणालीत नोंद लागते. त्यात शेतकऱ्याला मिळणारा नोंदणी क्रमांक म्हणजे एफआयडी. ही नोंद तुमच्या होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात होते. आधार कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि जमिनीचा उतारा (आरटीसी) घेऊन जा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी जातीचा दाखलाही न्यावा. आधीच एफआयडी असेल तर त्यात तुमचे सगळे सर्व्हे नंबर चढलेत का, हे स्वतः पाहा. जिथे तळं खोदायचं तोच नंबर राहून गेला असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, कारण अनुदान थेट खात्यात येतं.

खरी अडचण उताऱ्यावरच्या नावाची. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच जमीन राहिली असेल तर आधी नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) वारसा नोंदीचा अर्ज द्या. त्यासाठी मृत्यू दाखला आणि वंशावळ लागते. उतारा भावाभावांत सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र तयार ठेवा. आधारवर एक आणि उताऱ्यावर दुसरंच आडनाव असेल तर तेही आताच दुरुस्त करून घ्या. याला वेळ लागतो, त्यामुळे पावसाळा संपायची वाट पाहू नका.

सीमाभागात आणखी एक गोष्ट: राहायला बेळगाव तालुक्यात आणि शेत चंदगड तालुक्यात, असे अनेकजण आहेत. महाराष्ट्राचा सातबारा फ्रूट्समध्ये चालत नाही. त्या जमिनीसाठी महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो.

कोणती योजना?

शेततळ्यासाठी राज्याची ‘कृषी भाग्य’ योजना आहे. ती कोरडवाहू शेतीसाठी असून किमान एक एकर जमीन लागते. सर्वसाधारण गटाला तळ्याच्या खोदाईसाठी ८० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ९० टक्के अनुदान मिळतं. पंप आणि तारेच्या कुंपणाचा दर वेगळा असतो. योजनेतले तालुके आणि उद्दिष्ट वर्षागणिक ठरतात, तेव्हा यंदा तुमची होबळी यादीत आहे का, हे केंद्रात आधी विचारा.

तळ्याचा आकार ठरवताना हिशेब करा. वर १२ बाय १२ मीटर, खोली ३ मीटर आणि कडांना एकास एक उतार धरला तर सुमारे अडीच लाख लिटर पाणी मावतं. आपल्याकडच्या तांबड्या मातीत ते लवकर मुरतं. पीक जगवायला पाणी साठवायचं असेल तर प्लास्टिक अस्तराशिवाय पर्याय नाही. विहिरीला पाझर वाढवायचा असेल तर अस्तर नकोच. कुंपण मात्र कुठल्याही परिस्थितीत टाळू नका. अस्तराच्या तळ्यात पडलेल्या पोराला वर चढता येत नाही.

बांधबंदिस्ती आणि चरांसाठी ग्रामपंचायतीचा रस्ता आहे. रोजगार हमीच्या कामांत जॉब कार्ड असलेल्या अल्पभूधारकांच्या (पाच एकरांपर्यंत) शेतातली कामं घेता येतात. त्यासाठी ग्रामसभेत आपलं काम आराखड्यात लिहून घ्यावं लागतं. नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

केंद्राच्या पाणलोट विकास प्रकल्पात तुमचं गाव असेल तर वैयक्तिक अर्जाऐवजी पाणलोट समितीमार्फत कामं होतात. ही समिती ग्रामसभा नेमते. खर्चाचं प्रमाण सपाट भागात हेक्टरी २२,००० आणि डोंगराळ भागात २८,००० रुपये. हे पैसे कामावर खर्च होतात, शेतकऱ्याच्या हातात पडत नाहीत. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला नाही तर खालच्याचा बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की एका ओढ्याकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ग्रामसभेत जावं आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचं नाव यादीत पहिलं घालावं.

अर्ज दिल्यानंतर

पोचपावती घ्या. अर्ज कानडीत असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि खाते क्रमांक कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

अधिकारी जागा पाहून फोटो काढतात आणि मग कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) मिळतो. तो हातात येण्याआधी जेसीबी लावू नका, खोदून झालेल्या तळ्याला अनुदान मिळवणं फार कठीण जातं. काम झाल्यावर पुन्हा मोजणी आणि फोटो होतात. त्या दिवशी शेतात स्वतः हजर राहा, माप तुमच्यासमोर घेऊ द्या आणि बिलांच्या झेरॉक्स आपल्याजवळ ठेवा. पैसे जमा झाले नाहीत तर त्याच रयत संपर्क केंद्रात एफआयडी आणि पोचपावती दाखवून विचारा. तिथे दाद लागली नाही तर तालुक्याच्या सहायक कृषी संचालकांकडे लेखी तक्रार द्या.