थॅकरे : गवताचा कोपरा

‘थॅकरे’ (Thackeray) हे आडनाव मराठी वाचकाला कानाने नाही, तरी डोळ्यांनी चांगलंच ओळखीचं. मुंबईत ते पाट्यांवर, पोस्टरांवर दिसतं. मूळ मात्र उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात. तिथे ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत थॅकरे नावाची वस्ती होती. तिथून उठून जो दुसरीकडे गेला, तो थॅकरे. आपल्या ‘-कर’चाच हिशेब.

वस्तीचं नाव मुळात इंग्रजीही नाही. डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी ८६६ मध्ये यॉर्क जिंकलं आणि दहा वर्षांनी आसपासच्या जमिनी वाटून घेऊन ते नांगराला लागले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘थाक’ म्हणजे छप्पर किंवा ते शाकारायचं गवत-लव्हाळं, आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा. शाकारणीचं गवत मिळायचं तो कोपरा, एवढाच अर्थ. इंग्रजीतला ‘थॅच’ हा या ‘थाक’चा सख्खा भाऊ. झाकणे या अर्थाचा संस्कृत ‘स्थग्’ धातूही याच कुळातला. आपल्याकडे सभा ‘स्थगित’ होते तेव्हा तिच्यावर कुणी गवत घालत नाही, पण शब्द निघाला तिथूनच.

स्पेलिंग काही ठरलेलं नव्हतं. चर्चच्या वहीत लिहिणाऱ्याला जसं ऐकू येई तसं तो लिही. गिरण्या-कारखान्यांतल्या कामामुळे जडणाऱ्या आजारांवर १८३१ मध्ये पुस्तक लिहिणारे लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर ‘थॅकरा’ झाले ते असेच. एका कादंबरीकाराच्या घराण्यातलं लांबलचक स्पेलिंग त्यातल्या त्यात दुर्मीळ, पण नाव झालं ते त्याचंच.

तो कादंबरीकार म्हणजे विल्यम मेकपीस थॅकरे. जन्म कोलकात्याचा, १८११ चा. वडील रिचमंड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. ते १८१५ मध्ये वारले आणि लहानग्याला विलायतेला धाडण्यात आलं. मधलं ‘मेकपीस’ हेही खरं तर आडनावच. भांडणं मिटवणाऱ्याला पडलेलं.

प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५–१९७३) यांना हा लेखक आवडे, म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं सांगतात. ना रक्ताचं नातं, ना शब्दाचं. उसनी घेतली ती फक्त अक्षरं, उच्चार घरचाच राहिला. गंमत म्हणजे प्रबोधनकारांचे वडील पनवेलकर म्हणून ओळखले जात. गावावरून पडलेलं नाव घरात होतंच. ते मागे पडलं आणि इंग्रजी सहीत आलं दुसऱ्याच एका गावाचं.

ते गाव आता शोधून सापडणार नाही. लीड्स शहराला पाणी पुरवायला १८७० च्या दशकात वॉशबर्नवर फ्यूस्टनचा जलाशय बांधला गेला. थॅकरे वस्तीची जागा त्याच्या तळाशी आहे.