खासगी सफारी-घर

खासगी सफारी-घर म्हणजे अभयारण्यात किंवा त्याला लागून असलेले, एका वेळी एकाच कुटुंबाला अथवा मित्रमंडळींना दिले जाणारे आलिशान घर. भाड्यात स्वयंपाकी, घर सांभाळणारी माणसे, उघडी जीप, गाइड आणि पुष्कळदा माग काढणारा ट्रॅकरही येतो. दक्षिण आफ्रिकेच्या मदिक्वे अभयारण्यातील मोरुकुरूची घरे आणि झांबियातील लुआंग्वा सफारी हाउस ही नावाजलेली उदाहरणे.

जाहिरातीत पोहण्याचा तलाव आणि लाकडी डेक दिसतात. पण लेकुरवाळ्या कुटुंबाने पैसे मोजावेत ते गाडीसाठी. लॉजमध्ये जीप इतर पाहुण्यांबरोबर वाटून घ्यावी लागते, म्हणून सहा वर्षांखालील मुलांना अनेक लॉज सफारीला नेत नाहीत. स्वतःच्या गाडीत धाकटे कंटाळले किंवा त्याला शू लागली तर गाडी वळवता येते. बिबट्यासाठी ताटकळत बसलेल्या परक्या पाहुण्याच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. पहाटे साडेपाचला उठायचे की नाश्ता करून निघायचे, हेही घरच्यांनीच ठरवायचे. अर्थात मोठ्या प्राण्यांच्या जवळ गेल्यावर गाइड म्हणेल तेच खरे. सिंहासमोर गाडीत उभे राहायचे नाही, हा नियम मुलांना आधीच पढवावा: बसलेली माणसे आणि गाडी त्याला एकच आकृती वाटते, कुणी उठले की ती मोडते. पायी सफारीला बहुतेक ठिकाणी बारा वर्षांखालील मुले नेत नाहीत.

दुपारी जनावरे सावलीला पडतात तेव्हा मुलांचा खरा कार्यक्रम सुरू होतो. चांगला गाइड ओल्या मातीतला ठसा दाखवतो: तरसाची नखे उमटतात, सिंहाची उमटत नाहीत. ठशाभोवती पुठ्ठ्याचे कडे रोवून त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतले की थोड्या वेळाने पंजा हातात येतो. हत्तीची लीद काडीने उकलून न पचलेले गवत पाहणे तर मुलांना सिंहाहून जास्त आवडते.

अशी घरे उभी राहण्यामागे जमिनीचा कायदा आहे. दक्षिण आफ्रिकेत 1991च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क मानला. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले साबी सँड अभयारण्य खासगी मालकीचे आहे. दोघांमधले कुंपण 1993मध्ये काढले गेले. मदिक्वे मात्र 1991मध्ये सरकारने स्थापन केले. ऑपरेशन फिनिक्स नावाच्या मोहिमेत तेथे आठ हजारांहून अधिक प्राणी आणून सोडले.

लहान मुले असतील तर मदिक्वे अधिक सोयीचे, कारण तेथे मलेरिया नाही. साबी सँड किंवा लुआंग्वाला जायचे तर प्रतिबंधक गोळ्यांचा डोस मुलाच्या वजनानुसार बालरोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावा. सफारीसाठी केनिया निवडला तर तेथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी मदिक्वेला चांगली जुळते: पाऊस संपलेला असतो, गवत वाळू लागते आणि जनावरे पाणवठ्यावर येऊ लागतात. सकाळी मात्र स्वेटर, कानटोपी हवीच. शाकाहारी जेवण आधी कळवले की मिळते. डाळ-भाताचा मुलांचा हट्ट असेल तर तोही त्याच पत्रात लिहावा.

भारतात हा प्रकार जसाच्या तसा नाही. ताडोब्याच्या मोहर्ली फाटकाबाहेर अख्खा बंगला भाड्याने घेता येतो, पूर्ण जिप्सीही आरक्षित करता येते. पण आत शिरायचे ते वनखात्याच्या परवान्यावर, फाटकाच्या वेळेत आणि नोंदणीकृत गाइड घेऊनच. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद.